बाविसावं मिनिट

वीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईला पोरांशी बोलायला शिकवायचं म्हणजे माशाला पोहायला शिकवण्यातला प्रकार, असं मास्तरीणबाईंना मनातून वाटायचं. हे नाव त्यांना समुपदेशनाच्या वर्गातल्या पोरापोरींनी ठेवलेलं. सगळी त्यांच्या निम्म्या वयाची. चांगली नोकरी सोडून बाई शाळेतली समुपदेशक व्हायला निघाल्या, तेव्हा नवरा म्हणाला होता, "ऐकून घ्यायची नोकरी, आणि तू? जमेल?" ते त्यांना चांगलंच झोंबलं होतं.

दुसऱ्या वर्षी प्रत्येकाला एक शाळा मिळे. तिथल्या मुलाशी झालेलं बोलणं परवानगी घेऊन रेकॉर्ड करायचं आणि मग शब्द न् शब्द टाइप करायचा. 'अं' म्हटलं तर 'अं', गप्प बसलं तर किती सेकंद तेसुद्धा. बुधवारी वर्ग घेणाऱ्या मॅडम तो कागद हातात घेऊन रेकॉर्डिंगमधली पाच मिनिटं सगळ्यांसमोर ऐकवत. नेहमी पहिलीच पाच मिनिटं, हे बाईंनी बरोबर हेरलं होतं.

मग काय! पहिली पाच मिनिटं त्यांनी इमानदारीत उतरवली आणि पुढचं जरासं सुधारलं. जरासं म्हणजे, आपलं लांबण काढून टाकलं आणि पुस्तकात असतात तसे प्रश्न घातले. प्रश्न बदलल्यावर उत्तरं जुळेनात, म्हणून मग वाट्याला आलेल्या मुलीची उत्तरंही बदलली. जन्मभर दुसऱ्याच्या वहीत लाल पेन चालवलेलं, हात थांबतोय कुठला?

त्या बुधवारी मॅडम म्हणाल्या, "आज मधूनच ऐकू या. बाविसावं मिनिट."

स्पीकरवर नववीतल्या मुलीचा आवाज आला. आवाज जेमतेमच, म्हणून शाळेत तिला सगळे चिमणी म्हणत. मोठी व्यवस्थित पोर. परवानगीचे फॉर्मसुद्धा तिने दोन आणले होते, एकावर आईची सही, दुसऱ्यावर बाबांची. 'एकाच कागदावर मावल्या असत्या की गं,' असं बाई तेव्हा हसून म्हणाल्या होत्या.

"मिस, मला घरी जायलाच नको वाटतं."

आणि लगोलग बाईंचा खणखणीत आवाज. "अगं वेडाबाई, असं म्हणतात का? घर ते घर! परीक्षा तोंडावर आलीये, आधी वेळापत्रक कर बघू." पुढे साडेचार मिनिटं वेळापत्रकच. मधे दोनदा चिमणीने "पण मिस..." म्हटलं, आणि दोन्ही वेळा बाई म्हणाल्या, "माझं होऊ दे आधी." शेवटी चिमणी म्हणाली, "बरं मिस. जाऊ का?"

मॅडमच्या हातातल्या कागदावर त्या जागी लिहिलं होतं, 'आता मला खूप हलकं वाटतंय.'

कुणी हसलं असतं तरी परवडलं असतं. सगळे आपापल्या वहीत डोकं घालून बसले. धरणीने पोटात घ्यावं असं बाईंना झालं.

"हे वाक्य कुणाचं?" मॅडमनी विचारलं.

"माझं."

"आणि शाळेच्या फाइलमध्ये काय आहे?"

तिथेही हाच कागद होता. त्याच एका वाक्याच्या भरवशावर चिमणीची फाइल बंद होऊन पंधरा दिवस झाले होते. पंधरा दिवस ती पोर नको त्या घरी मुकाट जात होती. हे ध्यानात आलं तेव्हा बाईंना स्वतःची खरी लाज वाटली. आतापर्यंतची नुसती फजिती होती.

"पास-नापासाचं नंतर बघू," मॅडम म्हणाल्या. "आधी त्या मुलीकडे जा."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत, जुने नकाशे आणि मोडक्या खुर्च्या ठेवायच्या खोलीत, बाई चिमणीसमोर बसल्या. "चूक झाली माझी," त्यांनी सांगून टाकलं. "तू घराचं बोललीस, ते मी ऐकलंच नाही. वर तू न बोललेलं लिहून ठेवलं." त्यांनी कागद पुढे सरकवला.

चिमणीने ते वाक्य दोनदा वाचलं. "मी असं नाही बोलत."

"माहितीये."

"घरीपण असंच आहे, मिस. आई-बाबा एकमेकांशी बोलत नाहीत. आई म्हणते, बाबांना असं सांग. बाबा म्हणतात, आईला तसं सांग. मी सारखी त्यांचंच बोलत असते." तिने कागद परत दिला. "मला वाटलं होतं, इथे तरी माझं बोलेन."

बाईंना ते दोन फॉर्म आठवले आणि त्यांची मान खाली गेली. तोंडाशी सतरा वाक्यं आली, धीराची, माफीची, मेलं एक वेळापत्रकाचंसुद्धा. सगळी गिळून त्या गप्प बसल्या. बाहेर मैदानात पोरांचा दंगा चालला होता.

"मिस," बऱ्याच वेळाने चिमणीने विचारलं, "तुमचं झालं?"

"झालं," बाई म्हणाल्या.