धूर मोजायचा पुठ्ठा

अकोल्यात कापसातली सरकी काढायचं जिन सुरू झालं की इंदूबाईच्या पोरीचं, मैनेचं, आडवं होणं बंद व्हायचं. भिंतीला टेकून बसायची, खांदे वर ओढलेले, छातीतून फुटक्या बाजाच्या पेटीसारखा सूर. जिनाचं धुराडं वस्तीच्या पार उशाशी. सकाळी वाळत घातलेलं पांढरं लुगडं संध्याकाळी म्हशीचा रंग घेऊन घरात यायचं. धम्मदीक्षा घेतल्यापासून इंदूबाईनं नवसबिवस सोडले होते. म्हणून तिनं सरळ नगरपालिकेला अर्ज केला.

आणि नगरपालिकेनं चक्क नियम केला! धूर ठरल्यापेक्षा काळा निघाला तर बॉयलर बंद. मोजायला मुंबईहून एक पुठ्ठा आला. त्यावर पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत पाच चौकटी, मधोमध भोक. भोकातून धूर पाहायचा आणि कोणत्या चौकटीशी जुळतो ते सांगायचं. तिसरीच्या पुढं गेला की शेठजीचं धुराडं थंड.

धूर-निरीक्षक म्हणून नत्थुजी नेमले गेले. वस्तीत सायकलीवर आले, एक डोळा मिटला, भोकातून पाहिलं आणि म्हणाले, "पास. एक नंबर. सगळ्यात पांढरा."

इंदूबाईनं वर पाहिलं. डांबराची कढई उलटावी तसा धूर आभाळात पसरत होता.

"हा पांढरा? साहेब, डोये तपासून घ्या बापा!"

"डोळे नियमात नाहीत, बाई. नियमात पुठ्ठा आहे."

आलेच आहेत तर नत्थुजींनी इंदूबाईची चूलही मोजली. गोवरीच्या धुरानं त्यांना ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. नाक पुसत त्यांनी निकाल दिला, "हा रंग पुठ्ठ्यावरच नाही. म्हणजे या घरात धूर होतच नाही."

पंच म्हणून शेजारचा हुसेन शिंपी सही करायचा. बाया विचारायच्या, "हुसेनभाई, तुमाले काय दिसते?" तो म्हणायचा, "साहब पुठ्ठे को देखते, मैं साहब को देखता. पंचाचं काम तेवढंच."

असा पूर्ण हंगाम गेला. दर आठवड्याला धूर पास होत होता आणि सरकारी दवाखान्यासमोर खोकणाऱ्यांची रांग मागच्या गल्लीत वळत होती. शुद्ध धुराबद्दल शेठजीला प्रमाणपत्र मिळालं. ते काचेत बसवून फाटकावर लावलं. काच रोज पुसावी लागे. का पुसावी लागते, हे विचारायचं एकाही शहाण्याला सुचलं नाही.

पुढच्या हंगामात एका दुपारी नत्थुजी ओट्यावर बसून चहा पीत होते. पुठ्ठा बाजूला ठेवलेला. आत मैनेचा श्वास अडकला. ओठ निळे पडले. इंदूबाईनं हाताला लागलं ते उचललं आणि पोरीला वारा घालू लागली. हात घामानं ओले. पोरीचा श्वास परतला, तेव्हा इंदूबाईचं लक्ष हातातल्या पुठ्ठ्याकडे गेलं. पुठ्ठ्याच्या पहिल्याच, काळ्या चौकटीत तिची बोटं उमटली होती. पांढरीफेक.

"अवो साहेब, हे तं काजळ हाय! हा पुठ्ठा ठेवता तरी कुठी तुमी?"

"सरकारी वस्तू घरी नेता येत नाही," नत्थुजी म्हणाले. "आल्या दिवसापासून जिनाच्या फाटकावर असतो. खिळ्याला. धुराड्याखाली."

इंदूबाईनं पदर ओला केला.

"थांबा!" नत्थुजी ताडकन उठले. "ते सरकारी काळं आहे! पुसलं तर गुन्हा होतो!"

"मंग लिवा गुन्हा! माही पोरगी मरून राह्यली अन् तुमी काजळ सांभाळून राह्यले?"

खसाखसा पुसला तिनं. एकेक चौकट वर आली, पहिली तर दुधासारखी. मग तिनं पुठ्ठा नत्थुजींच्या तोंडासमोर धरला. "आता पाहा म्हणते ना! काहून, भोक बुजलं काय?"

नत्थुजींनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "पाचवीच्याही पुढं," ते पुटपुटले. "पण पुठ्ठा तर पुसलेला..."

"पुठ्ठा तोच हाय ना साहब?" ओरडा ऐकून आलेला हुसेन पहिल्यांदाच भोकातून बघत म्हणाला. "मैं तो सही करून राह्यलो."

नियमापुढं नत्थुजींचा इलाज नव्हता. बॉयलर बंद झाला. इंदूबाईचा नवरा धर्मपाल जिनातच हमाल. घरी येऊन बसला. "आपलीच रोजी बुडवली वं तू," म्हणाला. इंदूबाईनं त्याला आतलं दाखवलं. मैना आडवी झोपली होती. हातपाय पसरून, तोंड उघडं टाकून. धर्मपाल मग दारात बसून आत डोकावणाऱ्या कोंबड्या हाकलत राहिला.

दवाखान्याची रांग आटली. कंपाउंडरनं वर कळवलं की वस्तीत रोगी मिळत नाहीत, खोकल्याचं औषध पडून आहे, तरी चौकशी व्हावी.

शेठजीनं शेवटी धुराड्याला पाण्याच्या फवाऱ्याची टाकी बसवली आणि जिन पुन्हा सुरू झालं. रुई आता पांढरी राहू लागली, तिला चढा भाव आला. इतकी वर्षं हा गडी आपल्याच मालावर काजळी पाडून भाव पाडून घेत होता! नगरपालिकेनं जनतेच्या आरोग्यासाठी झटल्याबद्दल सत्कार केला. कुणाचा? शेठजीचा. दुसऱ्या कुणाचा असणार!

सत्कार आटोपून नत्थुजी पुठ्ठा घ्यायला आले. इंदूबाईनं तो मैनेच्या उशाशी खिळ्याला टांगला होता.

"बाई, सरकारी वस्तू आहे. फाटकावर लावायची आहे."

"तो इथंच राहील. हप्त्याले या, धुरापहिले हा पाह्यजा. पांढरा हाय तोवर माही पोरगी झोपते."

"आणि काळा पडला तर?"

"तं मी येते. तुमच्या हापिसात. पोरीले घेऊन."

 मैना झोपली होती, म्हणून नत्थुजींनी ओट्यावर चपला काढल्या, पाय न वाजवता आत आले आणि एक डोळा मिटून पुठ्ठा पाहू लागले.