बाजूची नजर

माइकवर दोनदा टिचकी मारून चष्मेवाल्यांनी आपल्या मुलीला हाताने खूण केली, तशी ती पहिल्या रांगेतून उठून मंचावर गेली. तिच्या खांद्यावर हात ठेवून ते सभागृहाकडे वळले.

"सकाळपासून बरीच भाषणं झाली. कुणी म्हणालं स्वस्तात घरं द्या, कुणी म्हणालं संध्याकाळच्या बस वाढवा, म्हणजे शिकलेली पोरं शहर सोडून जाणार नाहीत. द्या की. वाढवा. माझ्याकडे काही तक्ते-बिक्ते नाहीत, माझ्याकडे ही आहे. डोळे तपासण्याची चार वर्षांची पदवी, विद्यापीठात दुसरा नंबर. कुठेही गेली असती. नाही गेली. आपल्याच माणसांचे डोळे तपासत बसली. का? तर घर. माणूस घराला धरून राहतो."

टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतून एका मुलाने "आणि पगार?" असं विचारलं, त्यावर टाळ्यांपेक्षा मोठा हशा पिकला आणि तो प्रश्न तिथेच विरून गेला.

कॉलेजातून बाहेर पडणारी निम्मीअधिक मुलं दरवर्षी बॅगा भरून चालती होत होती, म्हणून व्यापारी मंडळाने एक समिती नेमली होती आणि चष्मेवाले तिचे अध्यक्ष होते. चौकातल्या त्यांच्या दुकानात अर्ध्या शहराच्या नाकावरचे चष्मे तयार झालेले; त्यांचा शब्द सहसा कुणी खाली पडू देत नसे. आजचं चर्चासत्रही त्यांच्याच डोक्यातून निघालं होतं.

मुलगी अशा प्रसंगी धारण करायचा चेहरा धारण करून उभी होती. हे भाषण तिला पाठ होतं. दुकानात, नातेवाइकांत, डोळ्यांच्या शिबिरांत, सगळीकडे ते तिने ऐकलं होतं. त्यातली एक गोष्ट बाबा नेहमी गाळत. तिला जायचं होतं. मोठ्या शहरातल्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात तिने मुलाखत दिली होती. मुलाखत चांगली झाली होती असंही तिला वाटलं होतं. तीन आठवडे वाट पाहून तिने स्वतःच फोन केला, तेव्हा तिकडच्या ऑफिसातल्या कारकुनाने जागा भरली म्हणून सांगितलं. निवड झाली नाही, हे बाबा चारचौघांत कधी बोलून दाखवत नसत. हा त्यांचा मोठेपणा आहे, असं ती चार वर्षं समजत आली होती.

मंचावरून उतरताना बाबांचा डावा पाय पायरीच्या कडेवर पडला आणि ते कलंडले. तिने झटकन त्यांचं कोपर धरलं.

"पायऱ्या केल्यात की डोंगर," ते पुटपुटले.

चहाच्या टेबलापाशी प्रमुख पाहुण्या डॉक्टरबाई उभ्या होत्या. त्यांना मंडळाच्या चिटणिसांनी परस्पर बोलावलं होतं. मुलाखतीच्या वेळी समोर बसलेल्या तिघांतल्या मधल्या त्या ह्याच, हे तिने सकाळीच ओळखलं होतं आणि म्हणून ती त्यांची नजर चुकवत होती. पण बाईंनीच तिला हाक मारली.

"तू ती कागदावर डोळ्याच्या पडद्याचं चित्र काढून दाखवणारी ना? मघाशी मंचावर बघितलं आणि ओळखलं."

"हो, मॅडम."

"छान. मिस्टर काय करतात तुझे?"

"लग्न नाही झालं माझं."

बाईंनी कप बशीत ठेवला. "अगं, सॉरी. मोडलं का?"

"ठरलंच नव्हतं कधी."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग सभागृहाच्या दारात लोकांशी हात मिळवत उभ्या असलेल्या चष्मेवाल्यांकडे त्यांनी एकदा पाहिलं.

"आमच्या यादीत पहिलं नाव तुझं होतं," त्या म्हणाल्या. "तुझा मोबाइल लागेना. अर्जावर दुसरा नंबर दुकानाचा होता, तिथे मीच फोन केला. तुझे वडील होते. म्हणाले, तिचं लग्न ठरलंय, ती काही येणार नाही, तुम्ही दुसरं कुणी बघा. फार नम्रपणे बोलले, म्हणून लक्षात राहिलं."

त्या आठवड्यात तिचा मोबाइल पाण्यात पडून दुरुस्तीला गेला होता. तो बाबाच घेऊन गेले होते. दहा दिवस तो मिळाला नव्हता.

"आता एखादी जागा असेल का, मॅडम?" तिने विचारलं.

बाईंनी चमच्याने चहा ढवळला, जरी त्यात साखर नव्हती. "तुझ्यामागे यादीत जी होती ना, ती आता आमचा काचबिंदूचा विभाग सांभाळते. हुशार निघाली. तू चार वर्षं काय केलंस? चष्म्याचे नंबरच काढलेस ना?"

"बहुतेक तेच."

"मग कठीण आहे गं. हाताची सवय जाते." त्यांनी तिच्या दंडावर हलकेच थोपटलं. "पण या शहराला तुझा उपयोग होतोय, तेही काही कमी नाही." आणि कुणीतरी फोटोसाठी बोलावलं म्हणून त्या निघून गेल्या. फोटोत मुलीलाही मधे उभं केलं गेलं.

घरी आली तेव्हा आई गच्चीवरच्या वाळलेल्या चादरी पलंगावर टाकून घड्या घालत होती. बाबा अजून सभागृहातच होते.

"आई, हॉस्पिटलचा फोन आला होता त्या वर्षी."

आईने चादर झटकली. "कुणी सांगितलं?"

एवढं पुरेसं होतं. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"टोक धर," आई म्हणाली.

तिने चादरीचं टोक धरलं. दोघींनी चादर ताणली, दुमडली, जवळ येऊन टोकाला टोक लावलं. आईच्या अंगाला साबणाचा वास येत होता.

"तुला माहीत होतं."

"त्याच दिवशी सांगितलं त्यांनी मला." आईने घडी छातीशी धरून हाताने सपाट केली. "तू गेली असतीस म्हणजे ह्या घरात मी आणि ते, दोघंच उरलो असतो. तुझ्या वडिलांबरोबर एकटीने दिवस काढायचे म्हणजे काय, हे तुला नाही कळायचं. मला नको होतं ते."

"मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तू गेली असतीस." दुसरी चादर उचलत आई म्हणाली, "आता त्यांना काही बोलू नकोस. कधी नव्हे ते इतके खूश आहेत आज. उगाच घरात तमाशा नको. धर."

तिने दुसरी चादरही धरली.

पुढचे काही दिवस ती जेवली, दुकानात गेली, लोकांना अक्षरं वाचायला लावली. चार हॉस्पिटलांना अर्ज पाठवले. दोघांनी उत्तरच दिलं नाही. तिसऱ्यांनी शस्त्रक्रियेच्या कामाचा अनुभव विचारला. चौथ्यांनी कळवलं की नुकतीच पदवी घेतलेल्या मुलांनाच ते घेतात. त्याच आठवड्यात वर्तमानपत्रात तो फोटो छापून आला. बाबांनी तो कापून, चौकटीत बसवून, दुकानात तिच्या तपासणीच्या खोलीबाहेर लावला. खाली छापलं होतं : शहर न सोडणारी कन्या. येणारंजाणारं गिऱ्हाईक तो वाचून तिच्याकडे कौतुकाने बघे, आणि ती विचारी, "लांबचं दिसत नाही की जवळचं?"

फोनचा विषय तिने घरात पुन्हा काढला नाही. बाबांना समोरून विचारायचं तिने दोनदा ठरवलं. एकदा ते जेवताना हसत होते, एकदा त्यांना ताप होता.

चर्चासत्राला पंधरा-सोळा दिवस होऊन गेले असतील. दुपारी बाबा गल्ल्यामागून उठून बाहेर येताना फ्रेमच्या काचेच्या स्टँडवर आदळले. वीस-पंचवीस फ्रेमा फरशीवर पसरल्या. बाकड्यावर चष्म्याची वाट बघत बसलेले निवृत्त मास्तर उठून वेचायला लागले.

"नंबर बदलला वाटतं माझा," बाबा खोलीत डोकावून म्हणाले. "आठवडाभर असंच चाललंय. काल दाराला खांदा लागला. बघ जरा, बाळ."

तिने त्यांना खुर्चीत बसवलं आणि दिवा मंद केला. समोरच्या तक्त्यावरची शेवटची ओळ त्यांनी घडाघडा वाचली. नंबर तसूभरही बदलला नव्हता.

मग डोळ्यातला दाब मोजायच्या यंत्रापुढे तिने त्यांची हनुवटी टेकवली. हवेचा झोत आला, बाबा दचकले. एकतीस. तिने पुन्हा मोजलं. तीस. दुसरा डोळा, एकोणतीस. एकविसाच्या वर गेलं की ती कुठल्याही गिऱ्हाइकाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवी. टेबलाच्या खणात त्यासाठी गुलाबी चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता.

"एक डोळा झाका. माझ्या नाकाकडे बघा. मी बाजूने बोट हलवत आणते, दिसलं की सांगा."

तिने हात लांब करून बोट हलवायला सुरुवात केली आणि ते हळूहळू आत आणत गेली. बाबा तिच्या नाकाकडे एकटक बघत होते. बोट त्यांच्या कानाच्या रेषेत आलं, गालाच्या रेषेत आलं.

"हलव की मग," बाबा म्हणाले.

ती हलवतच होती.

दुसऱ्या डोळ्याचं थोडं बरं होतं, पण फार नाही. तिने छोट्या दिव्याने डोळ्याच्या आत पाहिलं. मागची नस मधे खोल झाली होती, पुस्तकातल्या चित्रात असते तशी, जे चित्र काढून तिने मुलाखतीत दहा मिनिटं न अडखळता सांगितलं होतं. काचबिंदू. दुखत नाही, खुपत नाही, समोरचं शेवटपर्यंत स्वच्छ दिसतं. आधी बाजूची नजर जाते, मग नळीतून पाहावं तसं जग उरतं, मग तेही जातं. गेलेलं परत येत नाही. उरलेलं मात्र रोज दोन थेंब औषध घालून वर्षानुवर्षं राखता येतं, लवकर सुरू केलं तर. हे सगळं ती आठवड्यातून एकदा तरी कुणाला ना कुणाला सांगत असे, आणि सांगताना त्या माणसाच्या हातावर हात ठेवी.

बाबांचा हात खुर्चीच्या दांड्यावर होता. मंद उजेडात ते फार म्हातारे दिसत होते. तिने टेबलाचा खण उघडला. गुलाबी गठ्ठा वरच होता.

"बाबा."

"हं?"

"त्या वर्षी हॉस्पिटलचा फोन आला होता का हो? मी मुलाखत दिली होती तिथून?"

बाबांनी मान वळवली नाही. यंत्रापुढे हनुवटी ठेवायची सवय झाल्यासारखे ते सरळ समोर बघत राहिले.

"आज बरं आठवलं तुला ते."

"असंच."

"आला असता तर मी सांगितलं नसतं का?" ते म्हणाले. आवाजात जराही कंप नव्हता, उलट माया होती. "त्या लोकांना तुझी किंमत कळली नाही, बाळ. जाऊ दे. आमचं नशीब चांगलं, म्हणून तू राहिलीस."

बाहेर मास्तर उरलेल्या फ्रेमा स्टँडवर लावत होते, त्यांचा टकटक आवाज येत होता. तिने थोडा वेळ वाट पाहिली. बाबा आणखी काही म्हणतील असं तिला वाटलं असावं. त्यांनी चष्मा शोधला, तो डाव्या हाताशीच होता, आणि घालून तिच्याकडे बघून हसले.

तिने खण बंद केला.

दिवा मोठा करून ती त्यांचं कार्ड भरायला बसली. दाबाच्या रकान्यात दोन्ही डोळ्यांपुढे तिने सोळा लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं.

"काय निघालं?" बाबांनी विचारलं.

"काही नाही. नंबर आहे तोच आहे. तुमचं लक्ष नसतं चालताना, म्हणून आपटता."

"डॉक्टरला वगैरे दाखवायला हवं का?"

"कशाला?" ती म्हणाली. "वर्षाने बघू परत."

ते उठले. बाहेर जाताना दाराची चौकट त्यांच्या डाव्या खांद्याला लागली आणि ते स्वतःशीच हसले.

"काय म्हणतायत डोळे?" मास्तरांनी विचारलं.

"एकदम ठणठणीत. पोरगी घरात असल्यावर मला कसली काळजी, मास्तर? लोकांची पोरं कुठल्या कुठे जातात, आणि मग म्हातारपणी रांगेत उभे राहतात हे लोक, परक्या डॉक्टरांच्या दारात." बाबा गल्ल्यामागे जाऊन बसले. "तुम्हीही तपासून घ्या हवं तर. आज मोकळी आहे ती."

हनुवटी टेकायच्या पट्टीवरचा कागद तिने काढून टाकला, स्पिरिटच्या बोळ्याने पट्टी पुसली, नवा कागद लावला.

"या मास्तर," ती आतून म्हणाली. "बसा."