नंदूकाकांचा डावा हात

मी एक जुनं, स्वस्तातलं, तळहातात मावणारं दुनळी पिस्तूल आहे. मित्रांनो, दचकू नका. माझ्या नळ्यांत आता गोळी नाही. राग मात्र खूप आहे, आणि तो आज मी बोलून टाकणार आहे.

१९८२ साली लॉस एंजेलिसजवळच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. खेळण्यातल्या मोटारी करतात तसल्याच वितळलेल्या धातूचा रस साच्यात ओतून मला घडवलं. एकावर एक अशा दोन आखूड नळ्या, मागे अंगठ्याने ओढायचा घोडा आणि खाली बोटाने दाबायचा चाप, एवढाच माझा संसार. चापाभोवती कडंसुद्धा नाही. घोड्यावर आपटलो तर आतली गोळी सुटू शकते, ही माझी खोट. ती कोणी लपवली नव्हती. माझ्या खोक्यात चार पानांचं पत्रक होतं आणि त्यात ठळक छापलं होतं : भरून बाळगू नका, पडू देऊ नका.

ते पत्रक कोणी वाचलं नाही.

१९८५ साली कॅलिफोर्नियातल्याच फ्रीमाँट गावातल्या एका टाउनहाउसमध्ये चोरी झाली. शेजारी शैलेंद्र दिघे राहत होते. मूळचे नागपूरचे, चिप तपासणारी यंत्रं बनवणारे हुशार इंजिनियर. ते घाबरले आणि मला विकत घ्यायला आले. तिथल्या कायद्याप्रमाणे पंधरा दिवस मी दुकानातच थांबलो. दुकानदाराने त्यांना सांगितलं, शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर या, हे कसं हाताळायचं ते शिकवतो. शैलेंद्र हसले. म्हणाले, मी इंजिनियर आहे, दोन नळ्या नि एक घोडा, यात शिकायचं काय?

घरी त्यांच्या पत्नीने, मालिनीने, मला पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करायची. घरात नऊ वर्षांची सुनेत्रा आहे, हे नको, असं तिने परोपरीने सांगितलं. शैलेंद्रनी ऐकलं नाही. खोकं आणि पत्रक कचऱ्यात गेलं. मी दोन्ही नळ्या भरलेला, मोज्यांच्या खणात पडून राहिलो. मला कधी कोणी पुसलं नाही की तेलाचा थेंब दिला नाही. पण पाहुणे आले की मला बाहेर काढायचे. केवढंसं आहे, काय क्यूट आहे, असं लोक म्हणायचे. मित्रांनो, भरलेल्या पिस्तुलाचं असलं कौतुक ऐकून मला लाज वाटायची.

नंदूकाका हे शैलेंद्रचे जुने मित्र. मराठी मंडळात गाण्याचा कार्यक्रम असला की तबल्याला तेच. त्यांचा डग्गा असा घुमायचा की सुनेत्रा कान लावून बसायची. एका रविवारी दुपारी ते जेवायला आले होते. जेवणं झाल्यावर शैलेंद्रनी मला आणलं आणि न उघडता, न बघता त्यांच्यापुढे धरलं. शैलेंद्रची बोटं श्रीखंडाने चिकट झाली होती, ती नुकतीच धुतलेली, ओली. नंदूकाका मला धरणार तोच मी निसटलो. मला झेलायला त्यांनी डावा हात खाली घातला. मी फरशीवर घोड्यावर आपटलो. गोळी सुटली आणि त्यांच्या तळव्यातून आरपार गेली.

पुढचं सगळं मला नको असताना पाहावं लागलं. मालिनी स्वयंपाकघरातून धावत आली आणि तिने टॉवेल घट्ट बांधला. सुनेत्रा दारात उभी होती. ॲम्ब्युलन्स नंदूकाकांना घेऊन गेली.

पोलीस आले तेव्हा शैलेंद्रनी सांगितलं, नंदूने ते उचललं, त्याच्या हातून पडलं. मी तिथेच, टेबलावर होतो. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. गोळी मी झाडली, ते मला नाकारता येणार नाही. पण खोटं माझ्या नळीतून निघालं नव्हतं.

नंदूकाकांची दोन बोटं पुन्हा वाकली नाहीत. मंडळात लोक हळहळले आणि वर म्हणाले, नंदूला कशाला हात लावायची खोड? ते नंदूकाकांच्या कानावर गेलं. मित्र अडचणीत येईल म्हणून त्यांनी पोलिसांकडेही नाही आणि मंडळातही नाही, कुठेच खुलासा केला नाही. फक्त मंडळात जाणं बंद केलं. तबला शेजारच्या मुलाला देऊन टाकला.

दोन महिन्यांनी अपघात म्हणून प्रकरण मिटलं आणि मी पोलिसांकडून परत घरी आलो. आणि शैलेंद्रनी काय केलं असेल? मला पुन्हा भरलं. पुन्हा त्याच खणात ठेवायला निघाले. त्या वेळी माझा असा संताप झाला की नळी फुटली असती तर बरं, असं वाटलं. त्यांच्या मागे सुनेत्रा उभी होती. एरवी ती इंग्रजीतच उत्तर द्यायची. त्या दिवशी तिने एकेक मराठी शब्द शोधला.

"बाबा, ते तुमच्या हातातून पडलं. नंदूकाकांनी टचसुद्धा नाही केलं. मी बघितलं."

खोलीत मालिनी कपड्यांच्या घड्या करत होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. शैलेंद्र खाली बघत राहिले, आणि तिला उत्तर मिळालं.

ती ओरडली नाही. शनिवारी सकाळी ती त्यांना आणि मला घेऊन रेंजवर गेली. तिथे बेट्टी नावाच्या पांढऱ्या केसांच्या बाई शिकवायच्या. त्यांनी शैलेंद्रना मला उघडून दाखवायला सांगितलं. इंजिनियरसाहेबांना माझी खिटी कुठे फिरते तेही ठाऊक नव्हतं. मग बेट्टीबाईंनी मालिनीला शिकवलं. आधी तोंड मातीच्या भिंतीकडे. उघडायचं, डोळ्यांनी बघायचं, करंगळीने चाचपायचं. नळ्या आखूड, म्हणून दुसरा हात पुढे येऊ द्यायचा नाही. कानांवर झाकणं, डोळ्यांवर चष्मा. झाडायचं ठरल्याशिवाय बोट चापाजवळ नाही. मालिनीने दोन गोळ्या झाडल्या. चाप इतका कडक की दोन्ही कागदाच्या खालच्या कडेला लागल्या. आयुष्यात प्रथमच मला कोणीतरी नीट हाताळलं होतं.

"हे फार हलकं पिस्तूल आहे," बेट्टीबाई शैलेंद्रना म्हणाल्या. "हलक्या पिस्तुलाला मालक जास्त चांगला लागतो."

तिथून गाडी थेट नंदूकाकांच्या घरी गेली. मी मागच्या डिकीत रिकामा, कुलूपबंद होतो, त्यामुळे तिथलं बोलणं मी ऐकलं ते परतताना, मालिनीच्या तोंडून. ती ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती. नंदूकाका म्हणाले होते, "हात गेला त्याचं मी सोसलं रे शैलू. पण लोक मला मूर्ख म्हणत होते आणि तू गप्प बसलास."

शैलेंद्र गाडी चालवत रडत होते. पुढच्या रविवारी त्यांनी मंडळात उभं राहून खरं सांगितलं, पोलिसांकडे जाऊन जबाबही बदलला. काही जणांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. नंदूकाका त्यांच्याशी बोलले, पण मी त्या घरात होतो तोवर पुन्हा जेवायला कधी आले नाहीत. हे मी गोड करून सांगणार नाही.

मालिनीने मला पोलिसांच्या स्वाधीन केलं. आता मी एका पाकिटात आहे, आणि या महिन्यात मला वितळवणार आहेत. मला त्याचं दुःख नाही.

मित्रांनो, तुम्हाला कुठल्या खणात माझ्यासारखं काही दिसलं तर हात लावू नका. खोलीबाहेर या आणि मोठ्या माणसाला सांगा. मोठ्यांनो, तुम्हाला विनवत नाही, बजावतो : वापरायला शिकायचं नसेल तर घरात आणू नका. आणलंत तर रिकामं ठेवा, कुलपात ठेवा, गोळ्या दुसरीकडे ठेवा.

आणि मुलांनो, मोठं माणूस आपली चूक दुसऱ्याच्या माथी मारताना दिसलं, तर जे पाहिलंत ते सांगा. भाषा मोडकी असली तरी चालेल.