पुतळा शिंकला तेव्हा

तुम्ही भर चौकातल्या ज्या दुकानात सरकत्या जिन्यावर उड्या मारता ना, ते माझ्या एका शिंकेवर उभं आहे. हसू नका. खोटं बोलले तर जीभ झडेल. दोनदा झडलीय, पुन्हा उगवली.

माझ्या सासऱ्यांनी शेजारशेजारच्या चार दुकानांच्या भिंती पाडून एकच दुकान केलं. खाली कापड, पहिल्या मजल्यावर चपला, दुसऱ्यावर पलंग, तिसऱ्यावर भांडी. समोरचा शिंपी म्हणाला, "सगळं एकाच ठिकाणी? माणूस छत्री घ्यायला जाईल नि पलंग घेऊन येईल!"

"तेच तर पाहिजे," सासरे म्हणाले.

पण उघडून तीन दिवस झाले तरी आत चिटपाखरू नाही. दारात मात्र ही गर्दी! तेव्हा रीतच होती, दुकानाची पायरी चढलात की काहीतरी घेतल्याशिवाय उतरायचं नाही. सासऱ्यांनी पाटी लावली, 'नुसतं बघायला या'. लोकांना वाटलं, यात काहीतरी काळंबेरं आहे. सासऱ्यांना घास उतरेना. "शनिवारी कोणी आलं नाही, तर भिंती परत बांधतो."

शनिवारी वेगळंच संकट. दर्शनी काचेत उभ्या केलेल्या मेणाच्या बाईवर ऊन आलं, नि तिचं नाक ओघळून हनुवटीवर! सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "सूनबाई, तू उभी राहा. नाहीतरी कामाच्या वेळी पुतळाच होतेस."

राहिले. हातात छत्री, डोक्यावर पिसांची टोपी. एक तास, दोन तास. शिंपी काचेला नाक लावून म्हणतो, "मेण जरा जास्तच ओतलंय." मी राग गिळला. तेवढ्यात एक पीस माझ्या नाकात गेलं.

अशी शिंकले, अशी शिंकले, की टोपी उडाली ती थेट तिसऱ्या मजल्यावरच्या पातेल्यात!

"पुतळा जिवंत आहे!" शिंपी ओरडला. खरं-खोटं बघायला अख्खा चौक आत घुसला. रीत गेली उडत. मला चिमटे काढून झाले, मग कापड चिवडलं, चपला घालून बघितल्या, आणि लोक रिकाम्या हातानं बाहेर पडले तरी कोणी अडवेना! हे कळल्यावर बायका पुन्हा आत शिरल्या. शिंपी सगळ्यात शेवटी निघाला, बगलेत छत्री. पलंग सोमवारी न्यायला येतो म्हणाला.

सासरे दुकानाला कुलूप लावून निघाले. घरी येऊन दोन ताटं जेवले, आणि हात धुता धुता हळूच म्हणाले, "सूनबाई, सोमवारी पण शिंकशील?"

"नाकाला विचारून सांगते," मी म्हटलं, आणि सकाळपासून राहिलेलं ते नाक मनसोक्त खाजवून घेतलं.