विम्याची मूठ

डोमाजीसारखा हट्टी माणूस अकोल्याच्या आमच्या गिरणीत दुसरा नव्हता, आणि मी त्याचा मित्र असल्यामुळे हे हक्कानं सांगतो. कापूस पिंजायच्या खात्यात आम्ही शेजारी शेजारी उभे राहायचो. त्या दिवाळीनंतर त्याला खोकला लागला तो थांबेचना. अंगात कसकस, चार पावलं टाकली की धाप, तरी स्वारी भोंग्याआधी फाटकावर हजर.

"विम्याच्या दवाखान्यात जा ना बाप्पा," मी म्हणायचो. "पगारातून पैसे कापतात ते कायले?"

"म्हणूनच नाई जात. जमा होऊन राह्यले, राहू दे."

जमा! मला आधी उमजेचना. मग एकदा खोकल्याची उबळ ओसरल्यावर त्यानं पोटातलं ओठांवर आणलं. त्याची लेक शालू अभ्यासात हुशार. तिला अमरावतीला ठेवून मास्तरीण करायचं त्यानं पक्कं केलं होतं. आमच्या पगारातून दोन कपाती व्हायच्या, एक फंडाची आणि एक विम्याची. दोन्ही शालूसाठी साठताहेत असं हा गडी धरून चालला होता. दवाखान्याची पायरी चढली की त्यातलं मोडणार आणि शालूचं शिक्षण अडणार.

मी कपाळावर हात मारला. फंड आपल्या नावावर साठतो, मालक त्यात भर घालतो, नोकरी सुटली की हाती येतो. तिथवर त्याचं बरोबर होतं. विम्याचं तसं नसतं. माझं बोट यंत्राच्या पट्ट्यात सापडलं तेव्हा मला ते कळलं होतं. सगळ्या कामगारांचं थोडं थोडं, मालकाचंही त्यात, आणि जो पडेल त्याला औषधपाणी, वर सुटीतला निम्मा पगार. जो आजारी पडत नाही त्याला काही परत मिळत नाही. हे ऐकून डोमाजी आणखीच बिथरला.

"म्हणजे लोकायच्या पैशावर मी औषध पिऊ? नाई जमत!"

आता काय करावं या माणसाचं? आधी लेकीचं मोडेल म्हणून जात नव्हता, आता लोकांचं खाईन म्हणून. शेवटी तो एक दिवस यंत्रापाशीच खाली बसला. मी त्याला धरून घरी आणलं. त्याची बायको पंचफुला दारात ज्वारी पाखडत होती. तिला मी सगळं सांगितलं. वाटलं, रडेल. ती उठली आणि कोपऱ्यातलं मडकं आणून तिनं त्याच्यापुढे आदळलं.

ते मडकं सगळ्या वस्तीच्या ओळखीचं. आम्ही बौद्ध झालो त्यानंतर वस्तीनं एक रीत पाडली होती. दर पौर्णिमेला प्रत्येक घरानं मूठभर ज्वारी त्यात टाकायची, आणि ज्याच्या घरी दुखणंबाणं असेल त्याला ती पोचवायची. मडकं घरोघर फिरवणारा डोमाजीच.

"जाईबाई तापानं पडलती, तवा हे घेऊन कोण गेलतं?" पंचफुला म्हणाली. "म्हातारी म्हणे, लोकायचं कशी खाऊ. तवा तुमी तिच्यावर किती वरडले! काय म्हटलं होतं तिले?"

डोमाजीनं मडकं बाजूला सारलं.

"सांगा ना!"

"म्हटलं, बुढे, तुही मूठ बी याच्यातच हाय. कोणती तुही अन् कोणती लोकायची, निवडून दाखव."

"मंग आता तुमी काहून निवडून राह्यले?" इथे मात्र तिचा आवाज फुटला. "शालूले मास्तरीण कराचं हाय ना? तिले बाप नाई लागत का?"

डोमाजीनं मुकाट्यानं चपला शोधल्या.

विम्याच्या दवाखान्यात तपासलं तर छातीत पाणी झालं होतं. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. दोन महिने घरी बसायचं ठरलं.

पुढच्या पगाराच्या दिवशी मी त्याला भेटायला गेलो. विम्याच्या कचेरीतून निम्मा पगार आला होता. खोकलाही कमी होत चालला होता.

"या खेपेले माह्यं किती कापलं?" त्यानं विचारलं.

"तुह्यं कायले कापतीन? तू तर बिमार. आमचं कापलं."

त्यानं माझा हात ओढून घेतला आणि पट्ट्यात सापडलेल्या बोटावरून हळूच अंगठा फिरवला.

"याच्या वक्ती माह्यं कापलं होतं, नाई?"

"हो," मी म्हणालो.