गोळ्या सगळ्यांच्या घरी

हेमाला ल्युपस आहे हे कर्वेनगरच्या त्या सोसायटीत कुणालाही माहीत नव्हतं. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी निदान झालं, तेव्हा सासूबाईंनी, मंदाकिनीबाईंनी बजावलं होतं, "घरातलं घरात राहू दे." त्यामुळे गालांवर लाल चट्टे उठले की ती उन्हाची ॲलर्जी आणि सांधे धरले की बँकेतली दगदग. थापा मारण्यात हेमा इतकी तरबेज झाली होती की तिची तिलाच कधी कधी किळस यायची.

आजार समजावताना डॉक्टरांनी तिच्या मोबाईलकडे बोट दाखवलं होतं. "रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे रखवालदार. त्या एकमेकींना निरोप धाडतात, त्या निरोपांना सायटोकाइन म्हणतात. तुमच्या सोसायटीचा ग्रुप असतो ना, तसंच. कुणीतरी 'चोर आला' असं टाकतं, बाकीचे न तपासता पुढे ढकलतात आणि सगळे काठ्या घेऊन धावतात. तुमच्या शरीरात चोर नाहीच. मार बसतो तो घरच्यांनाच. त्वचेला, सांध्यांना, उद्या कदाचित मूत्रपिंडांना." रोजची एक गोळी हा आरडाओरडा खाली आणायची. "बाकी काही विसरलात तर बघू, पण ही गोळी चुकवायची नाही."

गोळी मूळची मलेरियाची, स्वस्तातली. हेमा ती वर्षानुवर्षं बिनबोभाट घेत होती. मग कोरोना आला, टाळेबंदी लागली आणि हीच गोळी खाल्ली की कोरोना होत नाही अशी आवई उठली. सोसायटीचे चेअरमन श्यामसुंदरकाका अशा कामांना बाह्या सरसावूनच बसलेले असत. ओळखीच्या दुकानदाराकडून त्यांनी अख्खं खोकं उचललं, घरटी एकेक पाकीट वाटलं आणि ग्रुपवर लिहिलं, "आपली सोसायटी, सुरक्षित सोसायटी." खाली टाळ्याच टाळ्या.

हेमाच्या नेहमीच्या दुकानदारानं मात्र हात वर केले. तिनं पार वारज्यापर्यंत फोन फिरवले. सगळीकडे एकच उत्तर, संपल्या. घरी आलेलं पाकीट मंदाकिनीबाईंनी देवघराच्या खणात ठेवलं होतं आणि त्यातून त्या आणि हेमाचा नवरा अनंत आठवड्याला एकेक गोळी घेत होते. एप्रिलमध्ये हेमानं मागितल्यावर सासूबाईंनी त्यातल्या दोन काढून दिल्या.

"सगळ्या कशा देऊ? अनंतला भाजीला बाहेर जावं लागतं. आणि तुझ्याकडे आहेत की थोड्या."

"मग मी ग्रुपवर लिहिते," हेमा म्हणाली. "आजार सांगते आणि सरळ मागते."

"वेड लागलंय का? शालूचं जमत आलंय. मुलाकडचे म्हणतील, यांच्या घरात रोग आहे."

"अहो आई, शालू माझी नणंद आहे. माझा आजार तिच्या रक्तात कुठून येणार?"

"हे मला कळतं. लोकांना समजावत कोण बसणार?"

हेमानं नवऱ्याकडे पाहिलं. अनंत लॅपटॉपमध्ये तोंड खुपसून बसला होता. "थोडं थांब ना हेमा, येतील दुकानात," एवढंच तो म्हणाला. आईला दुखवायचं नाही आणि बायकोला नाही म्हणायचं नाही, या कसरतीला तो समजूतदारपणा म्हणत असे. आणि हेमाही थांबली.

गोळी आधी एक दिवसाआड झाली, मग अर्धी झाली, मग संपली. जून लागता लागता तिचे पाय सुजले, लघवीला फेस यायला लागला. मंदाकिनीबाईंनी बार्लीचं पाणी करून दिलं, तेही प्रेमानं. इस्पितळात नेलं तोवर रखवालदार मूत्रपिंडांत घुसले होते.

"गोळी का थांबवली?" डॉक्टरांनी विचारलं.

"मिळत नव्हती," अनंत म्हणाला. ते खोटं नव्हतं, म्हणूनच हेमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आता तेवढ्यानं भागणार नाही. खूप कडक औषधं द्यावी लागतील. मूत्रपिंडं किती वाचतील, आज सांगता येत नाही."

अनंत घरी कपडे आणायला गेला, तेव्हा सलाईन लावलेल्या हातानं हेमानं ग्रुपवर लिहिलं. आजाराचं नाव, गोळीचं नाव, "कुणाकडे उरल्या असतील तर कृपया द्याव्यात."

पहिला फोन शेजारच्या आनंदीवहिनींचा. "अगं, बोलायचं नाही का? आमचं पाकीट फोडलंसुद्धा नाही गं." मग खालच्या मजल्यावरचे, मग समोरच्या विंगमधले. श्यामसुंदरकाका स्वतः पिशवी घेऊन दारोदार फिरले. "पोरी, नुसतं सांगितलं असतंस तर खोकंच तुझ्या दारात आणून ठेवलं असतं," ते फोनवर म्हणाले. त्यांना चार शब्द सुनवायचे असं हेमानं ठरवलं होतं, पण तिला रडूच आवरेना. एकानंही नाही म्हटलं नव्हतं. एप्रिलमध्येही म्हटलं नसतं.

मग अनंतचा फोन आला.

"पिशवीभर गोळ्या आल्यात गं घरी," तो म्हणाला. मग त्यानं आवाज खाली आणला. "ऐक ना. अजून तास झालेला नाही. तासाच्या आत मेसेज सगळ्यांच्या फोनवरून काढून टाकता येतो. आई म्हणतेय, गोळ्या तर मिळाल्याच आता."