एकेरी मावशी

घड्याळजी शिंकला की दुकानातली एक तरी वस्तू बेपत्ता व्हायची. कधी तिळाएवढा स्क्रू, कधी सेकंदकाटा. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, समोर कुणाच्या तरी सासऱ्यांचं घड्याळ उघडं पडलेलं, आणि ऐन वेळी नाकात गुदगुल्या. मग तो घाईघाईनं ॲप्रनचं टोक टेबलाला अडकवून झोळी करायचा आणि शिंकायचा. निम्मे स्क्रू झोळीत सापडत. उरलेले शोधत जमिनीवर रांगताना आणखी शिंका येत. नाकी नऊ येणं म्हणजे काय, हे त्याच्याइतकं कुणालाच कळलं नसेल.

डॉक्टरांनी हाताला बारीक सुया टोचून बघितल्या आणि निकाल दिला. मांजराची ॲलर्जी. घर स्वच्छ ठेवा, मांजराला शिस्त लावा, नाहीच जमलं तर तिची दुसरीकडे सोय करा.

हे ऐकून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मांजर म्हणजे त्याचा जीव की प्राण. वाघाची मावशी म्हणून त्यानंच मोठ्या हौसेनं तिचं नाव 'मावशी' ठेवलेलं. पुढे बायकोची खरीखुरी मावशी आपल्याकडे राहायला येईल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. आणि मावशी तरी कशी? जन्मभर शाळेत भाषा शिकवून निवृत्त झालेली, नाकावर माशी बसू न देणारी. तुमच्या नावाचं एक मांजर घरात आहे, असं त्यांना सांगायची छाती नवरा-बायको दोघांचीही होईना. त्यामुळे मावशी आल्यापासून मावशीला हाक मारणंच बंद झालं होतं. नुसतं 'शुक शुक' करून भागवत होते.

दवाखान्यातून दुकानात आल्या आल्या त्यानं घरी फोन लावला. पलीकडून "हं?" आलं. बायकोच असणार, असं त्यानं धरलं. कानही नाकासारखेच गच्च झाले होते.

"नीट ऐक," तो म्हणाला. "सगळं मावशीमुळे होतंय. आजपासून तिला बेडरूममध्ये येऊ देऊ नकोस. सोफ्यावर बसलेली दिसली की सरळ खाली उतरव. ओरडली तरी लक्ष देऊ नकोस. खायला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात दे. आणि केस! घरभर तिचे केस असतात. गॅलरीत नेऊन विंचर. आंघोळही घालावी लागेल. बोचकारेल, पण घट्ट धर."

"हं."

"नाही फरक पडला तर रविवारी तिला माझ्या ताईकडे सोडून येतो." इथे त्याचा गळा दाटून आला, पण नाक चोंदल्यामुळे आवाजात काही फरक पडला नाही. त्यानं फोन ठेवला.

बायको तेव्हा आंघोळीला गेली होती आणि आवरून लगेच दिवसभरासाठी कामाला निघून गेली. फोन घेतला होता मावशींनी. त्या केस बांधत होत्या, आणि तोंडात पिना धरलेल्या असल्यामुळे 'हं'पलीकडे काही बोलता येत नव्हतं.

संध्याकाळी तो घरी आला तर दारात मावशी उभ्या. शेजारी बॅग, बॅगेवर मांजर.

"जावईबापू, रविवारपर्यंत कशाला थांबायचं?" मावशी म्हणाल्या. "मी आजच निघते."

"अहो, पण का?"

"सकाळी फोनवर तुम्हीच सांगितलंत की. सगळे नियम मी पाळले. दिवसभर सोफ्याला शिवले नाही. कोपऱ्यात बसून जेवले. गॅलरीत केस विंचरले. चादरी आणि पडदे धुतले, फरशी दोनदा पुसली. आंघोळ माझी मीच केली. कुणाला बोचकारलं नाही."

घड्याळजीला आता कुठे फोनवरचं ते 'हं' कुणाचं होतं ते उमगलं. धरणी दुभंगेल तर बरं, असं त्याला झालं.

"'मावशीमुळे' म्हणालात, तेही मी पोटात घातलं असतं," मावशींचा आवाज कापला. "सर्दी झाली की 'मावशींमुळे'मधला अनुस्वार गळतो, एवढं मला कळतं. पण 'तिला'? 'त्यांना'चं 'तिला' कुठल्याही सर्दीनं होत नाही, जावईबापू! जन्मात मला कुणी एकेरीत बोललं नव्हतं."

त्यानं डोळे मिटले आणि हाक मारली, "मावशी!"

"काय?" मावशी म्हणाल्या.

"म्याँव," मांजर म्हणालं आणि बॅगेवरून उडी मारून त्याच्या पायाशी आलं.

मावशींनी मांजराकडे पाहिलं. मग जावयाकडे. मग पुन्हा मांजराकडे. "हिचं नाव..."

"तुम्ही यायच्या आधी ठेवलं होतं," तो पुटपुटला.

मावशींना असं हसू फुटलं की दाराची चौकट धरावी लागली. डोळे पुसत त्यांनी विचारलं, "म्हणजे रविवारी हिला सोडून येणार होतात?"

"नाइलाज आहे हो. पण ही गेली तर घर खायला उठेल मला." त्याचे डोळे भरून आले, आणि हे पाणी काही ॲलर्जीचं नव्हतं.

"मग मघापासून शिंकला का नाहीत?"

तो चपापला. खरंच की! नाक मोकळं होतं. पायात मांजर घोटाळत होतं, आणि शिंकेचा पत्ता नव्हता.

"दिवसभर गॅलरीत माझ्या सोबतीला ही एकटीच होती," मावशी म्हणाल्या. "हिचेही केस विंचरले. जुन्या ब्रशनं, माझ्या कंगव्यानं नाही. राहू दे हिला. विंचरायचं मी बघते. पण माझी एक अट आहे. या घरात यापुढे मावशीला एकेरीत बोलायचं नाही. कुठल्याच."

घड्याळजीनं दार सताड उघडलं आणि अदबीनं म्हणाला, "मावशी, आत या."

शेपटी ताठ करून एक मावशी आधी आत शिरल्या. दुसऱ्या बॅग उचलून त्यांच्या मागोमाग गेल्या.